टेकन ८ आलं! बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांनो, पहिला अनुभव सांगा

धागाकर्ता, टिळकवाडी

मंडळी, २६ जानेवारी २०२४ ला टेकन ८ आलं, म्हणजे त्या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा आठवा भाग. सातवा भाग घरच्या मशीनवर जून २०१७ मध्ये आला होता, म्हणजे साडेसहा वर्षांच्या वर वाट बघायला लावली. योग असा की प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला, जोडून शनिवार-रविवार. झेंडावंदन उरकून थेट टीव्हीसमोर बसलेले आपल्यात किती निघतील ते हा धागा सांगेलच.

रिव्ह्यू सगळ्यांनी वाचलेत, इंग्रजीत ढिगानं आहेत. मला आपल्या भागातल्यांचं ऐकायचंय. खडेबाजाराच्या आसपासच्या गेम पार्लरांत टेकन ३ वर अंगठे झिजवलेल्यांचं, आणि ज्यांनी हे पहिलंच टेकन हातात घेतलंय त्यांचंही. मशीन कुठली, नेट कसं, कोणाला निवडलं, काय भावलं, कशानं डोकं फिरलं. लांब लिहा, एक ओळ टाका, चालतंय. फक्त कथेचा शेवट फोडू नका, आणि स्ट्रीट फायटर मोठं की टेकन हा वाद इथं आणू नका. त्याला वेगळा धागा काढा की.

सुरुवात माझ्यापासून. पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर खेळतोय. सगळ्यात आधी जाणवला तो माराचा दणका. पॉल नावाच्या खेळाडूचा उजवा ठोसा बसला की समोरचा नुसता उडत नाही, मागची भिंत फोडून पलीकडच्या भागात जातो आणि कंट्रोलर हातात थरथरतो. पावसातल्या मारामारीत केस ओले होऊन कपाळाला चिकटतात. हे अनरिअल इंजिन ५ वर केलंय, ते दिसतंय. सुरुवातीलाच ३२ खेळाडू दिलेत, त्यातले तिघे नवे: व्हिक्टर, अझुसेना आणि रेइना. आणि जून काझामा परत आली! मूळ कथेत ती १९९५ च्या दुसऱ्या भागानंतर गायब होती. माझ्या वयाच्या लोकांना तिच्या नुसत्या उभं राहण्यानं काय झालं असेल ते तरुणांना कळणार नाही, जाऊ दे.

शहापूरकर

दिसायला एक नंबर, पण खेळ माझा राहिला नाही. स्पष्टच लिहितो.

मी टेकन ३ पासूनचा. माझी पद्धत एकच: मागे सरकत राहायचं, समोरच्याला हात-पाय हलवू द्यायचे, त्याचा वार हवेत गेला की एकच फटका, पण असा की अर्धा जीव गेला पाहिजे. सातव्यात ही पद्धत चालायची. आठव्यात 'हीट' आणली. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एकदा मिळते, दहा सेकंद टिकते. तेवढ्या वेळात समोरच्यानं मारलेलं तुम्ही नीट अडवलं तरी थोडा थोडा जीव जातोच. वर आणखी एक नवीन: गेलेल्या जिवातला काही भाग फिक्या रंगात शिल्लक दिसतो आणि तो परत मिळवायचा तर तुम्ही उठून मारायचं. म्हणजे अडवून बसलं तरी जातंय, आणि गेलेलं पाहिजे तर हल्लाच करा. मागे सरकणाऱ्यानं करायचं काय?

बनवणारे आधीपासून सांगत होते, यावेळी आक्रमक खेळाला महत्त्व आहे म्हणून. सांगितलं ते केलं, फसवलं नाही. पण मला आवडलं नाही.

उद्यमबागेतून, सेकंड शिफ्ट

शहापूरकर, तुमचं दुखणं कळतंय, पण उलट बाजू ऐका. मी सातवा भाग दोन महिन्यांत सोडला होता, कारण तुमच्यासारखे लोक. ऑनलाइन गेलं की समोरचा मागे सरकतोय, पुढे येतोय, परत मागे, मी एक लाथ मारली की खेळ खल्लास. आता माझ्याकडे निदान दहा सेकंद अशी आहेत की ज्यात तुम्हाला घाम फुटतो. आणि हीट नुसती पेटवून ठेवायची गोष्ट नव्हे. ती उधळून एक मोठा फटका काढायचा, का झेप घेऊन दाब चालू ठेवायचा, का पुढच्या चुकीची वाट बघायची, हे ठरवायला लागतं. मला तर यातच डोकं चालवायला मिळालं.

आता मशीनचं, कारण बरेच जण हेच विचारणार. जुना लॅपटॉप आहे, १६५० ग्राफिक्स कार्डचा. कंपनीनं कमीत कमी १०५० टीआय कार्ड आणि ८ जीबी रॅम सांगितलीय. माझ्याकडे सगळं लो वर टाकून, रिझोल्यूशन उतरवून चालतंय. चेहरे जरा मेणाचे दिसतात, पण सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) टिकतात आणि तेच महत्त्वाचं. मारामारीच्या गेममध्ये सगळा हिशोब फ्रेमवर असतो. साधा ठोसा १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. फ्रेम गळल्या तर तुमचंच टायमिंग नव्हे, ऑनलाइन समोरच्याचंही वाटोळं होतं. सावल्या आधी कमी करा, मग बाकीचं.

आणि हो, जागा १०० जीबी.

अनगोळ

पॉलचे केस बसले. उभे केस म्हणजे पॉल! बाकी सगळं माफ, हे नाही.

खानापूरहून जांबोटी रस्त्याला

१०० जीबी वाचून हसलो. आमच्याकडे मोबाइलचा डोंगल, तोही गच्चीच्या एकाच कोपऱ्यात रेंज धरतो. विकत घेतला दादानंच, माझ्या वाढदिवसाला. पण उतरवून घ्यायचा कुठून? शेवटी बेळगावात मित्राच्या घरी फायबर आहे, तिथं माझ्या अकाउंटनं उतरवला, फोल्डर हार्ड डिस्कवर घेतला आणि लाल बसमधून मांडीवर धरून आणला. घरी फक्त फाइली तपासून घेतल्या आणि चालू. ज्यांचं नेट रडतंय त्यांनी हेच करा.

पण मला लिहायचंय ते घोस्टबद्दल. यावर रिव्ह्यूवाले दोन ओळी लिहून पुढे गेलेत.

दादा पुण्याला नोकरीला. आम्ही दोघं लहानपणापासून एकाच मशीनवर खेळलो. आता ऑनलाइन खेळू म्हटलं तर माझ्या डोंगलवर त्याचा खेळाडू जिन एका जागी उभा असतो आणि पुढच्या क्षणी माझ्या मागे. दोन दिवस प्रयत्न केला आणि वैतागून सोडला. मग त्यानं सांगितलं, माझा घोस्ट उतरवून घे. हा गेम तुम्ही कसं खेळता ते बघत असतो आणि त्यावरून तुमची नक्कल तयार करतो. ती दुसऱ्याला उतरवून घेता येते, आणि एकदा उतरवली की लढत आपल्याच मशीनवर, मध्ये नेटची कटकट नाही.

मला वाटलं, कम्प्युटरच तो, थोडा इकडेतिकडे करणार. पहिल्या फेरीत तो खाली पडला आणि उठता उठता खालची लाथ मारली. मी थांबलो. दादा हेच करतो! दहा वर्षांचा असल्यापासून पडला की उठताना खालची लाथ, दरवेळी, आई ओरडायची जेवायला तरी. दुसऱ्या फेरीत तो भिंतीजवळ आला की घाबरून उडी मारायला लागला. हीही त्याचीच खोड. वर तो फेरी जिंकल्यावर जागेवर दोनदा बसतो-उठतो, समोरच्याला चिडवायला. घोस्टनं तेही केलं. मी एकटाच खोलीत जोरात शिवी घातली.

मग काय, रोज रात्री त्याच्या नकलेला धुतोय. उठतानाची लाथ अडवायची आणि उभं राहून पूर्ण कॉम्बो (सलग वार) लावायचा, एवढंच पाठ करायलोय. दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. शिमग्याला येणार आहे.

निपाणीहून, एक आई

मी लिहू का नको असं वाटत होतं. आमचा मुलगा दहावीला, परीक्षा मार्चमध्ये, म्हणून अट घातली की खेळायचं तर दिवसाला एक तास, आणि माझ्यासमोर. समोर बसून बसून मीच शिकले. त्यात 'स्पेशल स्टाइल' म्हणून एक सोय आहे. एक बटण दाबलं की चार बटणांवर तयार वार येतात, लांबलचक काही पाठ करावं लागत नाही. खेळ चालू असताना मध्येच चालू-बंद करता येतं. मी पांडा घेतला. पहिल्याच दिवशी पोराच्या जिनला हरवलं! तो म्हणाला, "आई, ही चीटिंग आहे." मी म्हटलं, कंपनीनंच दिलंय की बाबा.

पण खरं सांगायचं तर आठवड्याभरात त्याला कळलं. ठरलेलेच थोडे वार येतात, मग कुठला येणार ते ओळखून तो अडवायला लागला. आता मी ते बंद करून एक एक वार खरा शिकतेय. धाकटीला मारामारी नको असते, ती समुद्रकाठचा टेकन बॉल लावते. चेंडूला लाथा मारून समोरच्याच्या अंगावर घालायचा. तिथं दोघी मिळून त्याला पळवतो.

त्याच्या अभ्यासाचं विचारू नका.

चिकोडी, सध्या बेळगावात हॉस्टेलला

सगळे हीटवर लिहिताहेत, मला भाषांवर लिहायचंय. स्टोरी मोड आमच्या खोलीत चौघांनी बघितला. काझुया जपानीत बोलतो, पॉल इंग्रजीत उत्तर देतो, अझुसेना मध्येच स्पॅनिशमध्ये, व्हिक्टर फ्रेंचमध्ये (आवाज व्हिन्सेंट कॅसलचा, ऐकाच). किंग तर नुसता गुरगुरतो. आणि सगळ्यांना सगळ्यांचं कळतं, कुणी 'काय म्हणालास' असं विचारत नाही. यूट्यूबवर लोक याची थट्टा करतात. आमच्या खोलीत एकालाही त्यात विचित्र काही दिसलं नाही. मी मराठीत बोलतो, पलंगाशेजारचा कन्नडमध्ये उत्तर देतो, तिसरा दख्खनीत दोघांना शिव्या घालतो, मेसवाले मामा चौथंच काहीतरी. मारामारी रंगात आली की मी "मार की मर्दा" म्हणतो आणि मागून कन्नडमध्ये "होडी, होडी" (मार, मार) चालू असतं.

कथा मात्र मला फार काही वाटली नाही. काझुया आणि जिन या बाप-लेकाचं भांडण जग बुडवायला निघतं, आकाशातून किरण पडतात, शहरं जळतात. मागच्या भागात काझुयाच्या बापाला, हेहाचीला ज्वालामुखीत टाकल्यावर घरातली भांडणं संपतील असं वाटलं होतं. बघायला मजा येते, दुसऱ्यांदा बघणार नाही.

शनिवार खुटाजवळ

ज्यांच्या जिवावर आम्ही हा खेळ शिकलो त्या पार्लरवाल्यांचं कुणी लिहिलं नाही. आमच्या इथल्या पार्लरात अजून पीएस४ आहेत, आणि टेकन ८ पीएस४ वर आलंच नाही. पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी, एवढंच. मालक म्हणाले, एवढी मशीनं बदलायची तर आधी पैसे कोण देणार? पोरं येतात आणि सातवाच खेळतात. एडी विचारणारे अजून आहेत, बटणं कशीही दाबली तरी नाचत नाचत मारणारा. तोही सुरुवातीच्या यादीत नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो.

कंग्राळीचा जुना पैलवान

मी गेमवाला नव्हे. पुतण्यानं बसवलं. "काका, यात एक पैलवान हाय, तुमीच बघा." तोंडाला बिबट्यासारखा मुखवटा. मेक्सिकोच्या जग्वारचा आहे म्हणे. नाव किंग.

पकड बघून मी सरसावून बसलो. पाय काखेत धरून गरगर फिरवून फेकतो, ते सोडा, ती तमाशाची चीज. पण एका पकडीतून सुटायच्या आत दुसरी, दुसरीतून तिसरी, हे मला पटलं. ढाकेतून समोरचा निसटला तर त्याच झोकात टांग मारायची, श्वास घ्यायला द्यायचा नाही, हे आमाला तालमीत वस्तादानं मारून शिकवलंय. समोरच्यानं नेमक्या वेळी नेमकं बटण दाबलं तरच सुटका. पुतण्या एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला, तिसऱ्याला पाठ टेकली. मी टाळी वाजवली.

आणखी एक आवडलं. साठ सेकंदांत आडवा नाही झाला तर ज्याचा जीव जास्त शिल्लक तो जिंकला. म्हणजे निकाली नाही झाली तर गुणांवर. आनंदवाडीच्या आखाड्यात बसल्यावर पब्लिकला गुणांवरची कुस्ती कधी आवडत नाही, इथं पण पोरं ओरडायलीत. मुखवटेवाल्याची जुनी गोष्ट पुतण्यानं सांगितली. पहिला किंग अनाथ पोरांसाठी लढायचा, आणि मेक्सिकोत खरोखरच एक पाद्री असा होता, मुखवटा घालून कुस्त्या खेळून अनाथालय चालवायचा. ते ऐकून मान दिला.

खटकलं एवढंच की सलामी नाही. हात मिळवत नाहीत, मातीला हात लावत नाहीत, थेट तंगडी. आणि पुतण्याला रात्री दहाला सांगितलं झोप, तर बाराला दिवा चालूच.

एक विचारतो. पुतण्या म्हणतो, खाली बसलं की किंगची पकड चुकते. खरं काय? तो मला फसवतोय असं वाटतंय.

केएलई रोडवरून

पैलवान काका, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली.

माझं: रेइना घेतलीय. वीज हातात घेऊन मारते, शिकायला अवघड, पण जमली की समोरचा हवेतच राहतो. ऑनलाइन आधीपेक्षा पुष्कळ सुधारलंय. वायर लावून खेळलं तर मुंबई-बंगळूरवाल्यांशी घरात बसल्यासारखं होतं. वायफायवाल्याच्या नावापुढे वायफायचं चिन्ह दिसतं. मी सरळ नकार देते, राग मानू नका.

राग येतो तो हरताना वायर उपटणाऱ्यांचा. शेवटची फेरी, त्याच्या अंगात एका ठोशाएवढा जीव, आणि स्क्रीनवर 'संपर्क तुटला'. जिंकल्याचे गुण नाहीत, काही नाही. एवढी शरम वाटते तर खेळायला येतोस कशाला? एकानं वायर उपटल्यावर मला मेसेज टाकला, मुलगी आहेस का म्हणून. ब्लॉक.

आणि ज्यांना आपल्या भागात नेट नाही, लाइट जाते, म्हणून आपण मागे असं वाटतं, त्यांनी लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशकडे बघा. २०१९ मध्ये त्यानं जपानची ईव्हो (मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा) जिंकली आणि त्याच वर्षी अमेरिकेतलीही. तिथली पोरं पार्लरात मांडीला मांडी लावून शिकली. म्हणून शनिवार खुटवाल्यांची पोस्ट वाचून वाईट वाटलं. पार्लर मागे पडलं तर आपल्याकडे हे कुठं होणार?

शहापूरकर

महिना झाला, धागा वर काढतो. दोन गोष्टी.

एक, फेब्रुवारी संपता संपता गेममध्ये दुकान उघडलं. कपडे, जुने पोशाख, खऱ्या पैशांनी. एवढी किंमत मोजून गेम घेतला, रिव्ह्यू छापून झाले, मग दुकान. आधी सांगितलं असतं तर निदान ठरवता आलं असतं. कपड्यांनी मार वाढत नाही हे मला माहीत आहे, तरी पद्धत वाईट.

दुसरं, हीट अजून आवडत नाही. पण माझा जुना खेळाडू लॉ बाजूला ठेवून ड्रॅगुनोव्ह घेतला, तो पुढे चालूनच मारतो, आणि आता जिंकायलोय. उद्यमबागवाल्यानं यावर काही बोलू नये.

उद्यमबागेतून, सेकंड शिफ्ट

काही बोलत नाही. रविवारी सकाळी मोकळा आहे, वायर लावून येतो.

धागाकर्ता, टिळकवाडी

पैलवान काका, उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. पुतण्या अर्धं खरं बोलतोय. साध्या पकडी उभ्या माणसालाच धरतात, वेळेत बसलं तर वरून जातात आणि बसणाऱ्याला उठून मारायला मिळतं. पण किंगकडे बसलेल्याला उचलायच्याही पकडी आहेत. पुतण्या सारखा बसायला लागला की एकदा ती काढा. मूव्ह लिस्टमध्ये सापडेल, तिथं प्रत्येक वार स्क्रीनवर करूनही दाखवतात. बटणं विसरलात तर सराव मोडमध्ये ती स्क्रीनवर लावून ठेवता येते. पुतण्याला विचारू नका, तो सांगणार नाही.